विद्येची माधुकरी

आषाढीच्या वाटेवर मुक्कामाच्या गावी रात्रीचे कीर्तन उभे राहिले की आपले लक्ष आधी बुवांकडे जाते. चाल रंगात आली की मग ते मृदंगाकडे वळते. गळ्यात पखवाज अडकवून उभा असलेला मृदंगी पुष्कळदा चौदा-पंधरा वर्षांचा पोर असतो. त्याचा हात ऐकून आपण डोलतो. कीर्तन संपल्यावर त्याला जवळ बोलावतो, "कुणाचा रे तू? गाव कोणतं?" म्हणून विचारतो, त्याच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवतो आणि समाधानाने झोपायला जातो.

वाचकहो, त्या पोराला एक प्रश्न विचारायचा आपण विसरतो. मीही कित्येकदा विसरलो आहे. असा हात बसायला चार-पाच वर्षे तरी लागतात. त्या चार-पाच वर्षांत हा मुलगा जेवला कोणाच्या घरी? निजला कोणाच्या ओसरीवर? घरी शेतात दोन हात कमी पडत असताना त्याला पाठवायचे धाडस आईबापांनी कोणाच्या भरवशावर केले? गळा देव देतो, पण त्या गळ्याला रोज दोन वेळा घास लागतो, आणि तो माणसांनाच द्यावा लागतो. संगीताच्या इतिहासात रागांची, घराण्यांची, बिदागीची चर्चा फार होते. घासाची होत नाही. आज ती आपण करू.

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्राच्या मातीतले तीन विष्णू या एकाच प्रश्नाशी झगडत होते. पहिले पंडित विष्णु दिगंबर पलुसकर, दुसरे पंडित विष्णु नारायण भातखंडे आणि तिसरे आपले विष्णुबुवा जोग महाराज. तिघांचे मार्ग वेगळे होते. पण गरीब घरातला गुणी मुलगा अन्नावाचून विद्येला मुकू नये, ही कळकळ तिघांचीही होती.

पलुसकरांपासून सुरुवात करू, कारण घास घेणे आणि घास देणे या दोन्ही गोष्टी त्यांच्या एकाच आयुष्यात घडल्या.

१८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला त्यांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुसकर झाले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. म्हणजे मुलाच्या कानावर पहिला सूर पडला तो हरिकथेचाच. कुरुंदवाडहून नरसोबाची वाडी अगदी जवळ. तिथे दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेचे दारूकाम चालले असताना फटाका या मुलाच्या तोंडाजवळ उडाला आणि डोळे भाजले. उपचारासाठी त्याला मिरजेस नेले, पण नजर पूर्वीसारखी झाली नाही. पुस्तकी शिक्षणाची वाट जवळजवळ बंद झाली. शेतीभाती नाही, नोकरी होणार नाही, अशा मुलाचे पुढे काय व्हायचे? त्या काळी अशा मुलाच्या नशिबी आश्रितासारखे जिणे येई.

पण गळा होता, आणि मिरजेत त्या वेळी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. बुवा स्वतः लहानपणापासून विद्येसाठी वणवण फिरलेले. ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी राहून, हालअपेष्टा सोसून त्यांनी ख्यालगायकी मिळवली आणि ती दक्षिणेत आणली. मिरजेचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पटवर्धन यांनी अधू डोळ्यांच्या या मुलाला आश्रय दिला आणि तो बुवांच्या पायाशी बसला. आजच्या भाषेत याला आपण शिष्यवृत्ती म्हणू. त्या दिवसांत तिला कागद नव्हता, अर्ज नव्हता. राजाच्या मनात आले म्हणून मुलाला जेवण मिळाले, निवारा मिळाला आणि गुरू मिळाले. वर्षानुवर्षे त्याने पहाटेपासून तंबोऱ्याशी मेहनत केली.

आता पुढचा प्रसंग नीट ऐका. पलुसकरांच्या चरित्रात तो नेहमी सांगितला जातो. मिरजेत एक मोठा समारंभ होता. दरबारच्या मर्जीतल्या या तरुण शिष्याला आमंत्रण आले, पण गुरूंना आले नाही. कारण विचारता, ते गवईच तर आहेत, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. शिष्याच्या काळजात ते रुतले. ज्यांची विद्या आपण घेतो त्यांना समाजात मान नाही, मग या विद्येचे आणि आपलेही भविष्य काय? १८९६ साली विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली.

सज्जनहो, राजाने त्यांच्यासाठी काहीच केले नाही असे कोणी म्हणू नये. राजाश्रय नसता तर पलुसकर घडलेच नसते. पण ज्या हाताने अन्न दिले त्या हाताला विद्येचा मान ठेवणे जमले नाही. अन्न मिळते आणि मान मिळत नाही, अशा ठिकाणी शिकणारा मुलगा एक तर लाचार होतो, नाहीतर बंड करतो. पलुसकरांनी बंड केले, पण कडवटपणा न ठेवता.

बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असे फिरत ते पंजाबात पोहोचले. वाटेत त्यांनी एक नवी गोष्ट केली. राजवाड्यातल्या मैफलीवर अवलंबून न राहता तिकीट लावून जाहीर जलसे केले. गाणे ऐकायचे असेल तर सामान्य माणसानेही चार पैसे देऊन ताठ मानेने यावे आणि गाणाऱ्यानेही ताठ मानेने गावे, हा त्यामागचा विचार. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाच्या पदरी नसलेले, लोकांच्या पैशावर चालणारे हे विद्यालय. १९०८ साली त्याची शाखा मुंबईस आली.

या विद्यालयात दोन प्रकारचे विद्यार्थी होते. शहरातली माणसे फी देऊन संध्याकाळी शिकत. दुसरा होता उपदेशक वर्ग. त्यातली मुले पंडितजींपाशीच राहत. जेवण, राहणे, शिक्षण यांपैकी कशाचाही पैसा घ्यायचा नाही. मात्र मुलाने नऊ वर्षे राहून विद्या पुरी करायची, असा करार. शिकून तयार झाल्यावर त्याने गावोगाव जाऊन शिकवायचे. 'उपदेशक' हा शब्दच पाहा ना. तो कीर्तनकाराच्या घरातून आलेला आहे. दरबारात गाऊन शालजोडी मिळवणारा गवई त्यांना घडवायचा नव्हता. लोकांत जाऊन विद्या वाटणारा माणूस त्यांना हवा होता.

त्या पंक्तीला कोण कोण बसले ते पाहू. मिरजेचा विनायक पटवर्धन हा मुलगा १९०७ साली लाहोरला गेला, तो मिरज संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. ज्या संस्थानातून पलुसकर मान दुखावून बाहेर पडले होते, त्याच संस्थानाने आपल्या गावचा मुलगा शिकण्यासाठी त्यांच्याच हाती सोपवला. एका प्रसंगावरून कोणाचाही हिशेब कायमचा मिटवू नये, हे यावरून कळते. नऊ वर्षांचा मुलगा, मिरजेहून लाहोर, मुलूख परका, भाषा परकी. त्याच्या घरच्यांचे काळीज किती मोठे असेल!

दुसरा मुलगा गुजराथचा. खंभातजवळच्या जहाज गावचा ओंकारनाथ. वडिलांचे मन वैराग्याकडे लागलेले, घरात दारिद्र्य, आई भडोचला लोकांच्या घरी काम करून मुले वाढवत होती. मुलगाही मिळेल ते काम करी. त्याचा गळा भडोचचे एक पारशी गृहस्थ शापुरजी मंचेरजी डुंगाजी यांच्या कानावर पडला आणि त्यांनी त्याला मुंबईस पलुसकरांकडे पाठवण्याची सोय केली. दाता पारशी, विद्यार्थी गुजराथी, गुरू मराठी. विद्येच्या पंक्तीत जात विचारली गेली नाही की प्रांत विचारला गेला नाही. १९१६ साली, विशीही न ओलांडलेल्या ओंकारनाथांवर पलुसकरांनी लाहोरच्या विद्यालयाची धुरा सोपवली. कोल्हापूरचे शंकरराव आणि नारायणराव हे व्यास बंधू, मिरजेचे बी. आर. देवधर हेही याच पंक्तीतले.

आता दुसऱ्या विष्णूंकडे वळू. भातखंडे पेशाने वकील. मुलांना आपल्या घरी ठेवून पोसण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. त्यांनी संस्थानिकांना समजावले की, गवई पदरी बाळगण्याइतकेच नवे गायक घडवणे हेही तुमचे काम आहे. १९१७ साली श्रीकृष्ण रातंजनकर या तरुणाला बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो उस्ताद फैयाज खाँ यांच्यापाशी शिकू लागला. सयाजीराव महाराजांचे संस्थान, आग्रा घराण्याचे उस्ताद आणि मराठी मुलगा. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनीही आपल्याकडचे गायक राज्याच्या खर्चाने मुंबईस भातखंड्यांकडे पाठवले आणि ते तयार होऊन परतल्यावर १९१८ साली तिथे संगीत विद्यालय सुरू झाले. पलुसकरांच्या लहानपणी जी राजाची मर्जी होती, तिला भातखंड्यांनी नियमाचे रूप दिले. मर्जीतला मुलगा खाली मान घालतो. नियमाने शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या मुलाला तसे करावे लागत नाही.

आणि त्याच १९१७ सालच्या गुढीपाडव्याला तिसऱ्या विष्णूंनी आळंदीत गुढी उभारली. पुण्याचे विष्णुबुवा जोग, अंगाने पहिलवान, वृत्तीने ब्रह्मचारी. त्यांनी माउलींच्या पायाशी वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. चार वर्षांचा अभ्यासक्रम. ज्ञानेश्वरी, गाथा यांचा पाठ आणि त्याबरोबर भजनाच्या चाली, टाळ, मृदंग. फी नाही. मागे राजा नाही, शेटजी नाही, तिकिटाचा जलसाही नाही. मग मुले जेवणार काय? जोग महाराजांनी उत्तर शोधायला दूर जाण्याची गरजच नव्हती. माधुकरी! विद्यार्थ्याने झोळी घेऊन दारात उभे राहायचे, आणि घरच्या माउलीने तव्यावरची एक भाकरी त्यात घालायची.

वाचकहो, माधुकरीला कोणी भीक समजू नये. मधमाशी एका फुलाला ओरबाडत नाही. ती प्रत्येक फुलातून थोडे घेते आणि फुलाचे काही बिघडत नाही. माधुकरीचे मर्म त्या शब्दातच आहे. एका घरावर भार पडत नाही आणि मुलगा एका धन्याचा मिंधा होत नाही. साऱ्या गावाचे अन्न त्याच्या अंगी लागते, म्हणून उद्या कीर्तनाला उभा राहिल्यावर तो साऱ्या गावाचा होतो. दारात उभे राहताना त्याचा अहंकार गळतो, आणि वाढणाऱ्या माउलीला वाटते की या पोराच्या विद्येत माझाही एक घास आहे. राजाची शिष्यवृत्ती शेकड्यातल्या एकाला मिळते. माधुकरी देणारी घरे शेकड्यांनी असतात.

जोग महाराज १९२० साली देह ठेवून गेले. संस्था उभी करून त्यांना जेमतेम तीन वर्षे झाली होती. तरीही ती बंद पडली नाही. एका माणसाच्या पैशावर ती उभीच नव्हती, मग तो माणूस गेल्याने ती कोसळणार कशी?

हे म्हणताना मला पुन्हा पलुसकर आठवतात, आणि मन जड होते. उपदेशक वर्गाच्या मुलांचा सारा भार त्यांच्या एकट्याच्या गळ्यावर होता. जलसे करायचे, मिळेल तो पैसा विद्यालयात ओतायचा, रात्रीचा प्रवास करून पुन्हा शिकवायला बसायचे. मुंबईत विद्यालयाची स्वतःची इमारत उभी केली, ती कर्ज काढून. पंक्ती वाढत गेली, कर्जही वाढत गेले. अखेर १९२०च्या दशकात सावकारांनी इमारतीचा लिलाव केला. ज्या माणसाने कित्येक मुलांना फुकट जेवू घातले, त्याच्या डोक्यावरचे छप्पर गेले. त्या आधीपासूनच त्यांचे मन रामनामाकडे ओढ घेत होते. नाशिकला त्यांनी रामनाम आधार आश्रम केला, भगवी वस्त्रे धारण केली, तुलसीरामायण गाऊ लागले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचा देह पडला. ज्या गावी अधू डोळ्यांनी ते घास शोधत आले होते, त्याच गावी.

व्यवहारी माणूस म्हणेल, काय मिळवले यांनी? इमारत गेली, पैसा गेला, पाठीमागे दहा वर्षांचा पोरका मुलगा राहिला.

पण थांबा, कथा इथे संपत नाही. त्या पोरक्या मुलाचे नाव दत्तात्रेय. त्याला कोणी शिकवले? मिरजेच्या शिष्यवृत्तीवर लाहोरला गेलेल्या विनायकरावांनी आणि उपदेशक वर्गात वाढलेल्या नारायणराव व्यासांनी. विनायकरावांनी १९३२ साली रंगभूमी सोडून पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले, आणि गुरुपुत्र त्यांच्यापाशी गाणे शिकू लागला. १९३५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो जालंधरच्या हरिवल्लभ संगीत मेळ्यात गायला. तेच पुढचे दत्तात्रेय विष्णु पलुसकर, ज्यांच्या गळ्यातली रामाची आणि मीरेची भजने आजही पहाटे रेडिओवर लागली की हातातले काम थांबते. १९५५ साली ते ऐन चौतिशीत गेले. पण तेवढ्या आयुष्यात त्यांनी जे गायले त्यात गुरूंच्या अन्नाची फेड ऐकू येते. एका बापाने दुसऱ्यांच्या मुलांच्या ताटात घास वाढला होता, आणि त्या मुलांनी मोठे होऊन त्याच्याच मुलाला विद्या दिली.

हे एकाच घरापुरते राहिले नाही. गुरू गेले त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज खेड्यापाड्यांतली मुले ज्या 'गांधर्व'च्या परीक्षा देतात त्या याच मंडळाच्या. ओंकारनाथांनी १९५० साली काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताच्या शिक्षणाची धुरा घेतली. मुंबईत देवधरांच्या विद्यालयात बेळगावकडचा एक अद्भुत मुलगा आला, तोच पुढे कुमार गंधर्व झाला. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकलेले रातंजनकर लखनौला प्राचार्य झाले, तेव्हा बैलहोंगलचा एक अकरा वर्षांचा मुलगा त्यांच्या घरी राहून शिकला. तेच पंडित के. जी. गिंडे. म्हणजे जिथे जिथे घास पडला, तिथे तिथे पुढे एक नवी पंक्ती बसली.

सज्जनहो, विद्येचे ऋण असे असते. सावकाराचे ऋण सावकारालाच फेडावे लागते. विद्येचे ऋण ज्याने दिले त्याला परत करता येत नाही. त्याला त्याची अपेक्षाही नसते. मिरजेच्या राजाला पलुसकर काय परत देणार होते? डुंगाजी शेटना ओंकारनाथ काय देणार होते? आळंदीच्या त्या माउलीला, जिने भाकरी घातली आणि दार लावून घेतले, तिला कीर्तनकार झालेला तो मुलगा शोधणार तरी कुठे? हे ऋण मागे फेडता येत नाही, ते पुढच्या पोराच्या ताटात घालूनच फिटते. आणि जो शिकून मोठा झाला पण ज्याने पुढच्या पोराला वाढले नाही, तो ऋणातच राहिला, मग त्याची बिदागी कितीही मोठी असो.

या इतिहासातले एक उणेही आपण पाहिले पाहिजे. या साऱ्या कथांत मुलांचीच नावे पुढे येतात. गळा तर मुलींनाही देवाने तितकाच दिला. पण दूर गावी ठेवून, अन्न देऊन शिकवण्याची पंक्ती त्यांच्यासाठी क्वचितच मांडली गेली. आमच्या मुक्ताबाई-जनाबाईंच्या परंपरेला हे शोभणारे नाही. आज ती पंक्ती मांडताना तिचे पान आधी मांडावे.

आता सरकारी शिष्यवृत्त्या आहेत, मोठमोठ्या संस्थांची गुरुकुले आहेत. ती असावीत, वाढावीत. आपल्या गावच्या गुणी मुलामुलीचा अर्ज भरायला मदत करणे हीसुद्धा आज सेवाच आहे. पण अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, आणि भूक रोज लागते. ज्या मुलाला अर्ज कुठे करायचा हेच माहीत नाही, त्याचे काय? तिथे तीच जुनी माधुकरी लागते, आज ती झोळीत येवो की महिन्याच्या मनीऑर्डरीत. सप्ताहाच्या मंडपाला आपण हजारो रुपये खर्च करतो. त्या खर्चातला एक छोटा वाटा जरी वेगळा काढला, तरी दहा गावे मिळून एका मुलाचे आळंदीतले चार वर्षांचे जेवण निघेल. भार एका घरावर नको, पलुसकरांच्या लिलावाने ते आपल्याला शिकवलेच आहे. आणि देताना त्या पोराचा मान राखावा, हे मिरजेच्या आमंत्रणाने शिकवले आहे. दिलेल्या पैशाचा फलक लावू नये, सप्ताहात त्याला उभे करून "याला आम्ही शिकवतो" म्हणू नये. भाकरी घालून दार लावून घ्यावे.

यंदा वाटेवर कोणा पोराचा हात ऐकून तुमची मान डोलली, तर गाव विचारून झाल्यावर आणखी एक विचारा. "बाळा, शिकायला राहतोस कुठे? जेवतोस कोणाकडे?" त्याचे उत्तर ऐकून घ्या. कदाचित त्याच्या पुढच्या वर्षाचा घास तुमच्याच तव्यावर असेल.

रामकृष्ण हरी.